पातळ पत्रा, अचूक छिद्र
प्रतिनिधी

विजेच्या नियंत्रण पॅनेलचा दरवाजा छिद्रे पाडण्यासाठी कारागिराच्या टेबलावर येतो, तेव्हा पत्रा कापून, वाकवून झालेला असतो. बाकी असतात ती केवळ बटणांची छिद्रे. नेमके याच टप्प्यावर एखादे छिद्र दोन मिलिमीटरने सरकते, बटणांची रांग वाकडी दिसू लागते आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. कारागिराचा हात चुकला, असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा दोष हाताचा नसतो; तो ड्रिलचे टोक आणि पत्र्याची जाडी यांच्या विषम प्रमाणात असतो.

टोक लांब, पत्रा पातळ

नेहमीच्या पिळाच्या ड्रिलचे टोक ११८ अंशांच्या कोनात घासलेले असते. त्याची उंची ड्रिलच्या व्यासाच्या सुमारे तीन दशांश भरते. म्हणजे १० मिमीच्या ड्रिलचे टोक साधारण ३ मिमी लांब असते. एक मिमी जाडीच्या पत्र्यातून ते आरपार जाते, तेव्हा ड्रिलचा पूर्ण व्यास पत्र्यापर्यंत पोहोचलेलाही नसतो. ज्या टोकाने ड्रिलला मध्यावर धरून ठेवायचे, त्याचाच आधार सुटतो. ड्रिल डगमगते आणि गोलाऐवजी काहीसे तिकोनी छिद्र पडते. पुढच्याच क्षणी पत्रा ड्रिलच्या पिळावर चढून गरगर फिरू लागतो. हाताने धरलेला पत्रा अशा वेळी पात्यासारखा बोटे कापतो.

जाड पोलादात सरकू लागलेले छिद्र एका बाजूला छिन्नीने खाच पाडून पुन्हा मध्यावर ओढता येते. पातळ पत्र्यात त्यासाठी पुरेशी खोलीच मिळत नाही. त्यामुळे येथील अचूकता ड्रिल सुरू होण्यापूर्वीच ठरते.

आखणी आणि पंच

प्रथम स्क्रायबरने एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेषा आखाव्यात. त्या नियोजित छिद्राच्या परिघाबाहेरही न्याव्यात. कारण ड्रिल फिरताच मध्यबिंदू नाहीसा होतो आणि खूण म्हणून या रेषाच उरतात. छेदबिंदूवर अणकुचीदार पंचाने हलका ठसा उमटवावा, तो भिंगातून तपासावा आणि नंतरच ९० अंशांच्या सेंटर पंचाने खोल करावा. ड्रिलच्या मध्यभागी असलेली छिन्नीसारखी आडवी धार धातू कापण्यापेक्षा तो दाबून बाजूला सारते. तिला बसायला ठसा नसेल, तर ड्रिल घसरते. पंच मारताना पत्र्याखाली सपाट लोखंडी ठोकळा हवा, अन्यथा पत्र्याला पोचा पडतो.

ड्रिल करताना मात्र खाली लाकडी फळी ठेवून पत्रा तिच्यासह क्लॅम्पने आवळावा. पत्र्याबाहेर आलेले टोक लाकडात रुतते आणि त्याला आधार मिळतो. आधी ३ मिमीचे छिद्र पाडून ते रेषांशी ताडून पाहावे. ते थोडे सरकले असल्यास बारीक गोल कानशीने येथेच दुरुस्त करावे. ही शेवटची संधी असते.

मोठ्या छिद्रासाठी

नियंत्रण पॅनेलवरील २२ मिमी प्रकारच्या बटणांसाठी साधारणतः २२.५ मिमीचे छिद्र लागते. एवढ्या व्यासाचे साधे ड्रिल पातळ पत्र्यात वापरू नये. पायऱ्यांचे ड्रिल छिद्र टप्प्याटप्प्याने वाढवते आणि प्रत्येक पायरीला आधीच्या छिद्राचा आधार मिळतो. बोल्टने आवळून पत्रा कापणारा पंच वापरल्यास कड अधिक स्वच्छ येते. मात्र त्याच्या कडेवरील खुणा आखलेल्या रेषांवर जुळवून घ्याव्यात.

वेगालाही महत्त्व आहे. साध्या पोलादासाठी मिनिटाला २५ मीटर कर्तनवेग धरला, तर ६ मिमी व्यासाला सुमारे १३०० आणि २० मिमी व्यासाला सुमारे ४०० फेरे पुरतात. व्यास वाढला की फेरे कमी करावेत. छिद्र आरपार होताना दाब हलका करावा. डोळ्यांवर चष्मा हवा; हातमोजे मात्र घालू नयेत, कारण ते फिरत्या ड्रिलमध्ये गुंतू शकतात. शेवटी दोन्ही बाजूंचे कंगोरे काढावेत, नाहीतर त्यांच्यावर वायरचे आवरण कापले जाण्याची भीती असते.

आखणी, पंच आणि क्लॅम्प यांसाठी लागणारी पाच मिनिटे घाईच्या दिवशी जड वाटतात. पण वाया गेलेला दरवाजा नव्याने करायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो आणि कापलेले बोट तर पैशाने भरून येत नाही.