नाच येतो म्हणून पुकारता येतो?

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या गावांमध्ये कॉन्ट्रा डान्स पिढ्यान्‌पिढ्या नाचला जातो. सभागृहात फिडल आणि पियानो वाजत असतात, जोड्या दोन लांब रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि दर दोन जोड्यांचा चौघांचा गट होतो; गटातल्या दुसऱ्या जोडीतला आपल्याबरोबर नाचणारा तो ‘शेजारी’. पुढची हालचाल माइकवरून सांगणाऱ्याला कॉलर म्हणतात आणि हालचालींच्या ठरलेल्या तुकड्यांना फिगर. न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज आणि डडली लॉफमन या कॉलर मंडळींनी विसाव्या शतकात ही परंपरा टिकवली, वाढवली. आज अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत हे नाच होतात आणि तिथे पहिल्यांदाच आलेली माणसंही असतात. त्यांना शिकवायला उभ्या राहणाऱ्या नव्या कॉलरच्या मनात काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात.

गैरसमज १ : चांगला नाचणारा आपोआप चांगलं शिकवतो.

वस्तुस्थिती : मुरलेल्या नाचणाऱ्याच्या अंगात हालचाल बसलेली असते, नवख्याला ती फक्त कानांनी मिळते. त्यामुळे शब्दांचा क्रम महत्त्वाचा. कोणाबरोबर, कोणता हात, काय करायचं, किती फिरायचं, या क्रमानं सांगितलं की गोंधळ कमी होतो. अलेमांड म्हणजे हात धरून एकमेकांभोवती फिरणं. ‘शेजारी, उजवा हात, अलेमांड, दीड फेरी’ असं म्हटलं की माणूस आधी शेजाऱ्याकडे वळतो, हात पुढे करतो आणि मग फिरतो. ‘अलेमांड’ हा शब्द आधी आला, तर कोणाशी ते शोधण्यातच वेळ जातो. शेवटी कुठे पोचायचं तेही सांगावं : दीड फेरीनंतर दोघांच्या जागांची अदलाबदल झालेली असते.

गैरसमज २ : फिगर सुरू होते त्या क्षणी पुकारायचं.

वस्तुस्थिती : तेव्हा उशीर झालेला असतो. धुनेचे दोन भाग प्रत्येकी दोनदा वाजतात. प्रत्येक वेळी १६ मात्रा, म्हणजे एक आवर्तन ६४ मात्रांचं. लय मिनिटाला साधारण ११५ ते १२० मात्रांची, त्यामुळे आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं. पुकारा आधीच्या फिगरच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत संपला पाहिजे, तरच पुढचं पाऊल बरोबर पहिल्या मात्रेवर पडतं. म्हणून कॉलर घरी रेकॉर्ड लावून मोठ्यानं पुकारण्याचा सराव करतात. नुसतं पाठांतर पुरत नाही.

गैरसमज ३ : नाच सुरू होण्याआधी सगळ्या फिगर शिकवायला हव्यात.

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यक्रमाआधी अर्ध्या तासाचा परिचय वर्ग असतो. त्यात वीस नावं कोंबली, तर एकही लक्षात राहत नाही. पावलं बहुतांशी तालात चालण्याचीच असतात. वेळ द्यायचा तो स्विंगला, म्हणजे एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरण्याला. जोडीदारांनी उजवी पावलं एकमेकांच्या जवळ ठेवायची, डाव्या पावलानं जमीन ढकलत फिरायचं आणि दोघांनी एकमेकांचा भार थोडा तोलून धरायचा. चक्कर येत असेल तर खोलीकडे न पाहता जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचं. बाकीच्या फिगर त्या त्या नाचाआधी, संगीताशिवाय एकदा-दोनदा चालून दाखवता येतात.

गैरसमज ४ : कमी फिगर असलेला नाच सोपा.

वस्तुस्थिती : एक फिगर दुसरीत किती सहज जाते, यावर सोपेपणा ठरतो. डेव्हिड केनर यांचा ‘द बेबी रोज’ नवख्यांसाठी वारंवार निवडला जातो. आधी शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (हात धरून तालात पुढे-मागे पाऊल) आणि स्विंग, १६ मात्रा. मग चौघांचं वर्तुळ डावीकडे पाऊण फेरी आणि जोडीदाराबरोबर डो-सि-डो (पाठीला पाठ देत एकमेकांभोवती फेरी), ८ अधिक ८. पुढे जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग, पुन्हा १६. शेवटी चेन (चौघांतल्या दोघांनी मध्ये उजवा हात देत पलीकडे जाणं) आणि डाव्या हाताचा स्टार (चौघांनी डावे हात मध्ये जोडून फिरणं), ८ अधिक ८. हिशेब ६४ वर पुरा होतो. याउलट ‘हे’ ही एकच फिगर, चौघांनी एकमेकांच्या आड-पलीकडून वेणीसारखं विणत जायचं, नवख्यांना पूर्ण गोंधळात टाकू शकते.

गैरसमज ५ : नवख्यांची जोडी नवख्यांशीच लावावी.

वस्तुस्थिती : दोघंही चुकले की सावरणार कोण? दर नाचाला जोडीदार बदलण्याची रीत आहे. एकटं आलेल्यालाही जोडीदार मिळतो. शिवाय प्रत्येक आवर्तनानंतर जोडी एक जागा पुढे सरकते आणि नवा शेजारी समोर येतो, रांगेतल्या दांडियात होतं तसं. त्यामुळे अनुभवी हात सगळ्यांच्या वाट्याला येतात. टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन बाहेर थांबते आणि आपसांत बाजू बदलून उलट दिशेनं परतते. हे आधी सांगितलं नाही, तर ती जोडी बावरते.

गैरसमज ६ : एक पुरुष, एक स्त्री अशीच जोडी लागते.

वस्तुस्थिती : अनेक ठिकाणी आता ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ या पक्ष्यांच्या नावांनी भूमिका ओळखतात आणि कोणीही कोणतीही घेतो. शिकवताना महत्त्वाची असते ती जागा : स्विंग संपताना लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. हे उलटलं की पुढची चेन चुकीच्या माणसांकडून सुरू होते.

गैरसमज ७ : चूक दिसली की संगीत थांबवून समजवावं आणि शेवटपर्यंत पुकारत राहावं.

वस्तुस्थिती : वाजतं संगीत थांबवलं की नीट नाचणाऱ्यांचाही ताल मोडतो. त्यापेक्षा हरवलेल्यांना पुढचं ठिकाण सांगावं : ‘जोडीदार शोधा, स्विंग.’ ‘बेबी रोज’मधला जोडीदाराबरोबरचा १६ मात्रांचा टप्पा यासाठीच उपयोगी पडतो, कारण तेवढ्या वेळात कोणीही सावरतो. दोन-तीन आवर्तनांनंतर वाक्यांचे शब्द कमी करत जावेत आणि नाच बसला की गप्प राहावं, म्हणजे लोकांना फिडल ऐकू येईल. नजर मात्र रांगांवर हवी. कुठे घडी विस्कटली, तर दोन शब्दांचा पुकारा पुन्हा द्यायचा आणि परत थांबायचं.