रेडिएटरमधल्या पाण्याची चौकशी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि इथल्या मराठी घरांतून सेंट्रल हीटिंगची चर्चा सुरू होते. "आमचा वरच्या खोलीतला रेडिएटर तापतच नाही", "बॉयलर किटलीसारखा आवाज करतो", "प्लंबर म्हणतो, नवाच बसवा". दिवाळीच्या फराळाबरोबर ही वाक्ये दर वर्षी कानांवर पडतात. बॉयलरबद्दल सगळे बोलतात, पण त्यातून फिरणाऱ्या पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा लेख.

इंग्लंडला येण्यापूर्वी मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर विभागात नोकरीला होतो. गळीत हंगामात बॉयलरच्या पाण्याची तपासणी दर पाळीला होई आणि तिची नोंद वहीत होई. पाणी बिघडले की बॉयलर बिघडणार, हे फिटरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सर्वांना ठाऊक असे. घरातला बॉयलर त्याच्यापुढे खेळणेच, पण नियम तोच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. रेडिएटरमधले पाणी आणि नळाला येणारे गरम पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. रेडिएटरमधले पाणी एकदा भरले की वर्षानुवर्षे तेच बॉयलर, पंप, पाइप आणि रेडिएटर अशा फेऱ्या मारत राहते. रेडिएटर बहुधा पोलादाचे, पाइप तांब्याचे, काही भाग पितळेचे, तर बॉयलरच्या पोटात कधी अ‍ॅल्युमिनियम. इतके धातू एकाच गरम पाण्यात नांदले की गंज चढणारच. आत प्राणवायू कमी असल्याने हा गंज तांबडा नसून काळा असतो. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो तयार होताना हायड्रोजन वायूही सुटतो. काळा गाळ जड म्हणून रेडिएटरच्या तळाशी बसतो आणि वायू वरच्या कोपऱ्यात साठतो.

आता आपल्या घरातली परीक्षा सोपी झाली. हीटिंग लावून अर्ध्या तासाने रेडिएटरला बेताने हात लावून पाहावा. खालून गरम आणि वरून गार असेल तर आत वायू अडकला आहे. वरून गरम आणि खाली मध्यभागी गार असेल तर गाळ बसला आहे. वायू काढायचा तर हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर, किल्लीने वरचा स्क्रू थोडासा फिरवावा. खाली फडके धरावे. फुस्स आवाज थांबून पाणी आले की स्क्रू बंद करावा. हा वायू पेट घेऊ शकतो, तेव्हा जवळ निरांजन, उदबत्ती किंवा सिगारेट नको. फडक्यावर पडलेले पाणी काळे असेल, किंवा दर पंधरा दिवसांनी वायू काढावा लागत असेल, तर आत गंज जोरात चालला आहे असे समजावे.

यावर उपाय म्हणजे इन्हिबिटर, अर्थात गंज रोखणारे रसायन. ते धातूंच्या आतल्या बाजूला पातळ संरक्षक थर धरते. सेंटिनेल एक्स१०० किंवा फर्नॉक्स एफ१ ही नावे दुकानात दिसतील. किती घालायचे ते बाटलीवर लिहिलेले असते. बाटलीला साधारण वीस-पंचवीस पौंड पडतात. गाळ साठल्यावर यंत्राने जोराने धुऊन काढायचे, म्हणजे पॉवर फ्लश करायचे, तर काही शे पौंड लागतात. नव्या बॉयलरचा हिशेब हजारांत जातो. या तीन आकड्यांत सगळे अर्थशास्त्र आले.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाकडे हिवाळ्यात भारतातून आजी आल्या होत्या. त्यांच्याच खोलीतला रेडिएटर खालून थंडगार. विजेचा हीटर दिवसभर चाले, बिल वाढत होते आणि आजी शालीवर शाल घेऊन बसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घराच्या आतले तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावे असे सुचवले. वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसे यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. ती खोली त्या पातळीपर्यंत पोचतच नव्हती. एका प्लंबरने पाणी न पाहताच नव्या बॉयलरचा अंदाज दिला. मी त्यांना म्हटले, आधी जॅमच्या बाटलीत थोडे पाणी काढून पाहू. ते शाईसारखे निघाले. मग दुसऱ्या कारागिराने साफ करणारे रसायन काही दिवस आत फिरवले, दोन रेडिएटर काढून बागेत पाइपने धुतले, मॅग्नेटिक फिल्टर बसवला आणि शेवटी इन्हिबिटर घातले. आजींची खोली तापली आणि बॉयलर जुनाच राहिला.

हे होते कसे? आपण दर वर्षी सर्व्हिसिंग करतो, मग पाणी सर्व ठीक असेल असे धरून चालतो. परंतु सर्व्हिसिंगमध्ये मुख्य लक्ष गॅस, ज्वाला आणि धूर यांवर असते, आणि ते योग्यच आहे. घरमालकांना कायद्याने दर वर्षी गॅस सेफ्टीची जी तपासणी करून घ्यावी लागते, तिच्यातही हे पाणी येत नाही. आपण विचारले नाही, तर बहुतेक वेळा ते कोणी तपासत नाही. बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत मात्र स्पष्ट सांगितले आहे: यंत्रणेत कायमचा फिल्टर असावा, इन्हिबिटर दर वर्षी तपासावे, आणि दर पाच वर्षांनी ते नव्याने घालावे किंवा पाण्याची पूर्ण चाचणी करावी.

तेव्हा सर्व्हिसिंगची वेळ ठरवतानाच चार गोष्टी सांगून ठेवा. एक, पाण्यातले इन्हिबिटर तपासा. दोन, मॅग्नेटिक फिल्टर उघडून स्वच्छ करा. तीन, इन्हिबिटर घातले तर त्याचे नाव आणि तारीख बॉयलरजवळ चिकटवा. चार, बेंचमार्कच्या वहीत नोंद करा. गाळामुळे बिघाड झाला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. अशा वेळी ही नोंदच उपयोगी पडते.

सीलबंद यंत्रणा असेल तर बॉयलरवरच्या काट्यावरही नजर असू द्या. यंत्रणा थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. तो वारंवार उतरत असेल तर नुसते पाणी भरत राहू नका. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि इन्हिबिटर पातळ होते. गळती शोधा. पाणी भरून झाले की भरायची जोडनळी बंद करून काढून ठेवावी, म्हणजे हे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायचा धोका राहत नाही.

लंडन आणि आसपासच्या मंडळींसाठी आणखी एक. आपल्याकडचे पाणी जड आहे, हे किटलीतल्या पांढऱ्या थरावरून आणि न शिजणाऱ्या तूरडाळीवरून गृहिणींना केव्हाच कळलेले असते. हा थर मुख्यतः नळाच्या गरम पाण्याच्या बाजूला धरतो. काँबी बॉयलर असेल तर त्यासाठी वेगळा उपाय लागतो. इन्हिबिटरने तो जात नाही. वॉटर सॉफ्टनर असेल, तर त्याचे पाणी रेडिएटरमध्ये भरण्यापूर्वी बॉयलरचे माहितीपत्रक पाहावे. काही कंपन्यांना ते चालत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या नव्या मंडळींनी संकोच करू नये. इंग्लंडमध्ये हीटिंग दुरुस्त ठेवणे ही १९८५ च्या कायद्यानुसार घरमालकाची जबाबदारी आहे. रेडिएटर खालून गार आहे, हे त्याला लेखी कळवावे आणि प्रत जवळ ठेवावी. बॉयलरच्या गॅसच्या भागाला मात्र कोणीही स्वतः हात लावू नये. ते काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या माणसाचेच. त्याचे ओळखपत्र मागायला लाजू नये.

उद्या काही जण हीट पंप बसवतील. रेडिएटरमध्ये पाणी तेव्हाही फिरणार आणि गंजाचा स्वभावही बदलणार नाही. या आठवड्यात एवढेच करा: घरातल्या प्रत्येक रेडिएटरला वर आणि खाली हात लावून पाहा, आणि इन्हिबिटर शेवटचे कधी घातले याची तारीख शोधा. तारीख सापडली नाही, तर थंडी पडण्याआधी फोन करा. डिसेंबरात प्लंबर मिळणे म्हणजे काय असते, ते सर्वांना ठाऊक आहेच!