चेहरा परत देणारे हात

नाक गेले की अब्रू गेली, असे आपण मानतो. कावसजी हा इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्ष उलटल्यावर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाच्या नमुन्याबरहुकूम कपाळाची कातडी सोडविली. भुवयांमध्ये तिचा देठ तेवढा राखला. त्यातून रक्त पोचते, म्हणून कातडी जगते. मग ती पिळून खाली बसविली, कडांना काताचा लेप दिला. भुलीचे औषध तेव्हा नव्हते.

ही हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात आली. १८१४ साली कार्प्यू यांनी तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या महायुद्धात जळालेल्या वैमानिकांचे चेहरे मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड गावी घडविले, तेही जिवंत देठाच्याच तत्त्वावर. एकेकाने कित्येक शस्त्रक्रिया सोसल्या, आणि १९४१ साली थट्टेने 'गिनी पिग क्लब', म्हणजे प्रयोगाच्या जनावरांचा संघ, काढला. गावकऱ्यांनीही टक लावून न पाहता त्यांना आपलेसे केले.

भट्टीवर, स्टोव्हवर भाजलेली माणसे आपल्याही गावात आहेत. सर्जनाचे काम इस्पितळात संपते. आपले रस्त्यावर सुरू होते.