लोखंडी पिंपाची धुरीची भट्टी

मांस किंवा मासळी मंद आंचेवर, निखाऱ्यांच्या धुरांत तासन्‌तास शिजविण्याची रीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास व दक्षिणेकडील संस्थानांत, फार रुळलेली आहे. तिला तेथें बार्बेक्यू म्हणतात. पूर्वी तिकडे जमिनींत खड्डा खणून त्यांत लांकडांचे निखारे करीत व वर मांस ठेवीत. पुढें पोलादी पिंपें आलीं. हेन्री वेरहान यानें १९०५ सालीं अमेरिकेंत अशा पिंपाचें पेटंट घेतलें, आणि तेलाच्या व्यापाराबरोबर तीं सर्वत्र पसरलीं. रिकाम्या पिंपाचीच भट्टी करावी हें तेथील लोकांस सुचलें यांत नवल नाहीं.

आपल्याकडेहि ही कल्पना अगदींच परकी नाहीं. रायगड जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात, तेव्हां मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडीं व कोंबडी भरून भोंवतीं जाळ करतात. तेथें अग्नि मडक्याच्या बाहेर असतो. पिंपाच्या भट्टींत अग्नि व अन्न दोन्हीं आंतच असतात. अलीकडे हुरड्याच्या निमित्तानें शहरांतील मंडळी शेतावर येऊं लागली आहेत. कित्येकांच्या शेततळ्यांत मासे व परसांत गांवठी कोंबड्या आहेत. अशा घरीं ही भट्टी उपयोगी पडेल, म्हणून तिची कृति येथें देतों. कृति सोपी आहे. पण पिंपाच्या निवडींत मोठा धोका आहे, तो आधीं सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

पिंपाची पारख

जमीन घेतांना शहाणा मनुष्य आधीं उतारा पाहतो व मग पीक पाहतो. पिंप घेतांनाहि हाच क्रम ठेवावा. जुन्या बाजारांतील पिंपास वरून नवा रंग दिला म्हणजे त्यांत पूर्वी काय भरलें होतें हें डोळ्यांस दिसत नाहीं. ज्यांत कीटकनाशक, तणनाशक, आम्ल, रंग किंवा रंग पातळ करण्याचें द्रव्य होतें, तें पिंप कितीहि धुतलें अथवा जाळलें तरी या कामास निषिद्ध समजावें. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत औषधांचीं रिकामीं पात्रें पुन्हां वापरलीं जाऊं नयेत म्हणून उघड्यावर टाकूं नयेत, तीं फोडून वस्तीपासून दूर पुरावीं, असें सांगितलें आहे. त्याचें कारण हेंच.

दुसरें भय स्फोटाचें. पेट्रोल, थिनर यांसारख्या द्रव्यांचें पिंप रिकामें दिसलें तरी त्यांत वाफ उरलेली असते. गॅसची ज्योत किंवा कापण्याच्या चाकाची ठिणगी लागतांच ती पेट घेते व पिंप फुटतें. तिसरी गोष्ट, जस्ताचा मुलामा दिलेलें पिंप किंवा जाळी घेऊं नये. प्रखर आंचेंत जस्ताची वाफ होते व ती श्वासावाटे गेल्यास थंडीताप भरतो.

मग घ्यावें कोणतें? खाद्यतेल, मध किंवा आमरस यांच्या कारखान्यांतून आलेलें, मूळची चिठ्ठी अंगावर असलेलें पिंप उत्तम. आमरस बहुधा पिंपाच्या आंत पिशवींत भरलेला असतो, त्यामुळें तो पत्र्यास लागत नाहीं. आंतून रोगण लावलेलें असल्यास तें पूर्ण जाळून काढावें लागतें. म्हणून रोगण नसलेलें मिळाल्यास अधिक बरें. विकणारा पूर्वींचा माल सांगूं शकत नसेल, तर सौदा मोडावा व नवें पिंप घ्यावें.

रचना

नेहमींचें पिंप सुमारें २०० लिटरांचें, उंचीनें सुमारें ३५ इंच व आंतून व्यासानें साडेबावीस इंच असतें. वरचें झाकण कड्यानें बसणारें व संपूर्ण निघणारें असावें. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी व प्लास्टिकचीं बुचें प्रथम काढून टाकावीं. पुढील काम गांवचा लोहार किंवा वेल्डर एका दिवसांत करूं शकेल.

(१) तळापासून २ इंच उंचीवर, सारख्या अंतरानें, पाऊण इंच व्यासाचीं चार भोंकें पाडावीं. प्रत्येकावर पत्र्याची एक चकती बोल्टानें अशी बसवावी, कीं ती फिरवून भोंक हवें तितकें झांकतां यावें.

(२) झाकणास अर्ध्या इंचाचीं आठ भोंकें गोलाकार पाडावीं व मध्यें लांकडी मूठ बसवावी.

(३) कोळशासाठीं जाड लोखंडी जाळीची टोपली करावी. व्यास १६ इंच, उंची ८ इंच, व खालीं ३ इंचांचे पाय. तिच्याखालीं राखेसाठीं उथळ थाळी ठेवावी, पण थाळीची कड हवेच्या भोंकांच्या वर येऊं देऊं नये.

(४) कांठापासून ७ इंच खालीं चार बोल्ट आंत काढून त्यांवर न गंजणाऱ्या पोलादाची गोल जाळी ठेवावी. जाळी व टोपलीचा तळ यांत सुमारें दोन फूट अंतर राहील. हें अंतरच अन्न करपूं देत नाहीं.

(५) जाळीच्या किंचित् खालीं बाजूस भोंक पाडून भट्टीचा उष्णतामापक बसवावा.

पहिला जाळ

अन्न ठेवण्यापूर्वी रिकामी भट्टी एकदां जाळून घ्यावी. ती कडब्याच्या गंजीपासून व गोठ्यापासून दूर, तीन विटांवर उभी करावी. आंतील टोपली व जाळी काढून, झाकण बाजूस ठेवून सुक्या लांकडांचा प्रखर जाळ करावा, व आंतील रंग, तेल आणि रोगण सुटेपर्यंत तो चालूं द्यावा. त्या धुरांत उभें राहूं नये. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशानें घासून, धुवून, वाळवून आंतून खाद्यतेलाचा पातळ हात द्यावा, आणि मंद निखाऱ्यांवर दोन तास तापवावें. काळसर थर बसतो, तो गंज आवरतो. बाहेरून उष्णता सोसणारा रंग द्यावा. आंतून कोणताहि रंग देऊं नये.

हवेचा लगाम

या भट्टीचें सारें वर्म हवेंत आहे. कोळसा टोपलींत भरपूर असतो; पण जितकी हवा मिळेल तितकाच तो जळतो. म्हणून आंच कमीअधिक करावयाची ती कोळशानें नव्हे, खालच्या झडपांनीं. वरचीं आठ भोंकें नेहमीं उघडींच ठेवावीं. तीं बंद केल्यास धूर आंत कोंडून अन्न कडू होतें.

टोपलींत तीनचार किलो न पेटलेला कोळसा भरावा. मूठ-दोन मुठी कोळसे निराळ्या शेगडींत लाल करून वर मध्यभागीं ठेवावे. यामुळें अग्नि वरून खालीं व मधून बाहेर सावकाश पसरतो व कित्येक तास टिकतो. रॉकेल मुळींच घालूं नये, त्याचा वास अन्नांत उतरतो. आरंभीं चारी झडपा उघड्या ठेवाव्या. पारा ९५ अंश सेंटिग्रेडवर आला कीं दोन बंद कराव्या, मग तिसरी, व चौथीनें आंच ११० ते १३० अंशांच्या दरम्यान राखावी. चढती आंच अडविणें सोपें. एकदां भडकलेली भट्टी उतरविण्यास फार वेळ लागतो. झाकण वारंवार उघडल्यास एकदम हवा शिरून निखारे भडकतात. काम संपल्यावर वरखालचीं सर्व भोंकें बंद करावीं. हवेवांचून निखारे विझतात व उरलेला कोळसा पुन्हां उपयोगी पडतो.

लांकूड व धूर

कोळशाबरोबर सुक्या लांकडाचे मुठीएवढे दोनतीन तुकडे पुरतात. टेक्सासमध्यें मेस्कीट नांवाच्या झाडाचें लांकूड वापरतात. आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही त्याच वर्गांतील, त्याची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे, व तिचा कोळसाहि बाजारांत मिळतो. पेरू व आंबा यांचें लांकूड सौम्य धूर देतें. राळ असलेलें लांकूड, प्लायवुड, रंगविलेल्या फळ्या व जुन्या चौकटी वर्ज्य. कण्हेर विषारी आहे. तिची काडीहि भट्टीच्या आसपास ठेवूं नये. धूर पातळ, निळसर निघूं लागल्यावरच अन्न आंत ठेवावें. दाट पांढरा धूर म्हणजे लांकूड धुमसत आहे, असें समजावें. चरबी थेट निखाऱ्यांवर गळून उठणारा धूर शरीरास अपायकारक असतो, म्हणून चरबी आधीं काढून टाकावी.

शिजलें कीं नाहीं?

अर्धा किलोचा मासा सुमारें तासाभरांत, पाठीवरून चिरून पसरलेली कोंबडी दोन ते तीन तासांत, व बोकडाची मांडी चारपांच तासांत तयार होते. परंतु घड्याळावर किंवा रंगावर विसंबूं नये. धुरामुळें पूर्ण शिजलेलें मांसहि कडेस गुलाबी दिसतें. टोंचून पाहण्याचा उष्णतामापक सर्वांत जाड भागांत, हाडास न लागतां खुपसावा. कोंबडींत ७४ व माशांत ६३ अंश भरले पाहिजेत. बोकडाच्या मांडीचें मांस मऊ पडण्यास ९० अंशांपर्यंत जावें लागतें, कारण त्यांतील चिवट तंतु सावकाश आंचेनेंच विरघळतात.

अशा धुरीनें अन्न टिकाऊ होतें असा समज आहे, तो खरा नाहीं. ही धुरी चवीची आहे, साठवणीची नव्हे. त्याच दिवशीं खावें. उरलें तर लगेच फ्रिजमध्यें ठेवून तीन दिवसांत संपवावें.

शेवटची सूचना

निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक आहे. पाऊस आला म्हणून भट्टी पडवींत किंवा खोलींत, आणि थंडी पडली म्हणून उरलेले निखारे निजण्याच्या जागीं, कधींहि नेऊं नयेत.

पिंप निवडतांना सांगितलेला नियम भट्टीपुरताच नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. ज्या पिंपाचा पूर्वींचा माल ठाऊक नाहीं, त्यांत धान्य, पिण्याचें पाणी किंवा जनावरांचें आंबवणहि ठेवूं नये. गोठ्याच्या कोपऱ्यांत असें एखादें पिंप उभें असेल, तर नवी भट्टी करण्यापूर्वी आधीं त्याची वाट लावावी.