पोटदुखी, पोलीस आणि भरपाईचा अर्ज

मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तिसऱ्यांदा दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार तीच, पोट दुखते. पहिल्या खेपेस मी जंताचे औषध दिले होते, दुसऱ्या खेपेस लघवी तपासली होती. दोष काही सापडला नव्हता. या वेळी आई जाता जाता म्हणाली, ‘‘डॉक्टर, हल्ली रात्री अंथरूण ओले करते. आणि शिकवणीला जा म्हटले की रडते.’’ तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दोन खेपा मी पोटच तपासत बसलो होतो.

नर्सबाईंना जवळ बसवून मुलीला सावकाश बोलू दिले. पुढचे वाचकांनी ओळखलेच असेल.

असे काही कळले, किंवा दाट संशय आला, तरी पोलिसांना कळवणे हे 2012 च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. डॉक्टरवर आणि शेजाऱ्यावरही. पण उपचारासाठी पोलिसांच्या कागदाची वाट पाहायची नसते. फिर्याद नोंदवलेली नसली तरी तपासणी होते, आणि सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने प्रथमोपचार व उपचार मोफत द्यायचे असतात. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. प्रकार ताजा असेल तर मुलीला आंघोळ घालू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. एचआयव्ही टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नये.

खरा घोळ पुढे झाला. चार दिवसांनी समोरच्या पक्षाची माणसे घरी आली. ‘मुलीच्या नावाने काही रक्कम ठेवतो, मिटवून टाका.’ आजोबा संतापले. आणि नंतर जेव्हा मी सरकारी नुकसानभरपाईचा विषय काढला, तेव्हा त्याच संतापाने म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पैसे घेतले म्हणजे अब्रू विकली. आम्हाला नको ते.’’

आजोबांचा राग मला समजतो, पण या दोन पैशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला पैसा तोंड बंद करण्याचा. अशा तडजोडीने खटला रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात स्पष्ट केले. दुसरा पैसा आरोपीचा नव्हेच, तो शासनाचा. मुलाचे रक्षण करण्यात आपण कमी पडलो, म्हणून ते सावरेपर्यंतचा भार उचलण्याची ती जबाबदारी आहे. ती भीक नाही, आणि तोंड बंद ठेवण्याची अट तर तिला मुळीच नाही.

बहुतेकांना वाटते, निकाल लागेल तेव्हा भरपाई. तसे नाही. फिर्याद नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सुटला, किंवा सापडलाच नाही, तरीही मुलाला इजा झाली असे न्यायालयाचे मत झाल्यास भरपाई मिळते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत ती देण्याचा नियम आहे. रक्कम ठरवताना उपचाराचा खर्च, बुडालेली शाळा, लागलेला आजार, राहिलेली गर्भधारणा हे सारे पाहायचे असते. म्हणून औषधांची बिले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. आमच्याकडे लोक लग्नपत्रिका जपतात, आणि चिठ्ठ्या मात्र चुलीत जातात!

महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. डिसेंबर 2017 मध्ये ती सुधारून मदतीची कमाल मर्यादा 10 लाख रुपये झाली. तिचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया व मुलांना तेथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दूरध्वनी 15100. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहेच.

आता कोणी म्हणेल, न्यायालय स्वतःहून का देत नाही? द्यायला हवे, पण कित्येकदा राहून जाते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात शिक्षा झाली, भरपाईचा आदेश मात्र झाला नव्हता. त्यावर 4 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की लहान मुले व स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने पीडित भरपाईचा आदेश करावा. तरी अर्ज करून ठेवावा, हे माझे मत.

एकट्याने हे सारे निभावणे अवघड, हे कायद्यालाही ठाऊक आहे. बालकल्याण समिती मुलासाठी एक आधारव्यक्ती नेमून देते. ती पोलीस ठाण्यापासून साक्षीपर्यंत सोबत असते, आणि भरपाईचा अर्ज कुठवर आला तेही सांगते. आपल्याला अशी व्यक्ती मिळाली नसेल तर समितीकडे मागावी.

या घराला ती मिळाली. आजोबांची समजूत माझ्या व्याख्यानाने नव्हे, तिनेच घातली. तिने त्यांना एवढेच विचारले, मुलीला दर पंधरा दिवसांनी समुपदेशनासाठी जिल्ह्याला न्यायचे, तर एस.टी.चे भाडे आणि तिच्या बापाची बुडालेली मजुरी कोण भरणार? आजोबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी अर्जावर वडिलांनी सही केली.

अंतरिम रक्कम आली. त्यातला मोठा भाग मुलीच्या नावे मुदत ठेवीत आहे, शिक्षणासाठी वा औषधोपचारासाठी परवानगीने काढता येईल असा. खटला अजून चालू आहे. मुलगी पाचवीत गेली. अंथरूण अधूनमधून ओले होते, पण आई आता तिला रागावत नाही.