बिऱ्हाडकरू ठेवा, पण कागदावर!

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. बांधलेले घर भाड्याने देऊन पाहावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते आम्हांला अनुभवाने शिकावे लागते.

आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, सावेडीला जा की केडगावला. निवृत्त गृहस्थ फंडाच्या पैशांतून वर दोन खोल्या चढवतो आणि औद्योगिक वसाहतीतला कामगार किंवा बदलून आलेला शिक्षक बिऱ्हाडकरू ठेवतो. मीही त्यांतलाच. पंधरा वर्षांत माझ्याकडे सात बिऱ्हाडे आली नि गेली. त्यामुळे नवे घरमालक सल्ल्याला येतात.

“काका, काळजी नाही. अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरीही केलीय!”

“नोंदवलात का?” मी विचारतो.

“अकरा महिन्यांचा कशाला नोंदवायचा?”

वाचकहो, सारी गोम इथेच आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून लोकांनी वर्षातला एक महिना कापला नि नोंदणी टाळली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याचे ५५ वे कलम सांगते, की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून मोठा धोका पुढेच आहे. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींविषयी बिऱ्हाडकरू म्हणेल तेच खरे धरतात. उलट सिद्ध करणे मालकाच्या माथी!

आता खर्चाचा हिशेब पाहा. भाडे दरमहा ८,००० रुपये, अनामत ३०,०००, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के व्याज यांवर धरतात. म्हणजे तीनशेच्या आतबाहेर. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, खेड्यात ५००. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या उत्पन्नासाठी तेराशे रुपये जड का वाटावेत? शिवाय आधारच्या ओळखीवर नोंदणी संगणकावरूनही होते.

या कागदाने मिळते काय? राहण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने जागा दिली आणि मुदत संपूनही ती सुटली नाही, तर २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट रकमेची नुकसानभरपाई मागता येते. नळ तोडणे, कुलूप ठोकणे हे मार्ग मात्र मालकाच्याच अंगाशी येतात. आणि भाड्याची पावती देत जा. ती उपकार म्हणून नव्हे, कायद्याने द्यायची असते.

पहिल्यांदाच पैसे गुंतवणाऱ्यांना आणखी एक सांगतो. गावठाणातला जुना वाडा स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका. आत कोण राहते ते आधी विचारा. १९४७ च्या कायद्याने पुष्कळ भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली होती. आजच्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला चार टक्क्यांहून अधिक सहसा वाढत नाही. वाडा विकत घेणारा भाडेकरूंसहच तो घेतो. भाडे देणाऱ्या माणसाला केवळ मालक बदलला म्हणून बाहेर काढता येत नाही, आणि ते न्यायाचेही आहे. पिढ्या काढलेल्या त्या खोल्या त्याचेही घरच असतात.

तेव्हा किल्ली हाती देण्यापूर्वी एवढे करा. करार नोंदवा, वीजमीटरचा आकडा नि खोलीतल्या वस्तू त्यात लिहा, अनामत कधी परत द्यायची तेही लिहा, आणि पोलीस ठाण्यात माहिती द्या. मग वर चहा पाठवायला हरकत नाही. सगळे कागदावर असले, की चहा दोघांनाही गोड लागतो.