कसे चालते? : गिअराची तिरपी चौकट

देवळ्याजवळचा भावडबारी घाट गिअरच्या सायकलीने चढताना दांडी ओढताच साखळी शेजारच्या मोठ्या चक्रावर अलगद चढते, ती कशी, हे पाहण्याजोगे आहे. मागील चक्रांची चळत शंकूसारखी निमुळती असते. जुन्या युरोपीय गिअरांत मात्र साखळी सरकविणारी चौकट सरळ आडवी जाई, त्यामुळे तिची चाकी लहान चक्रांपासून फार दूर राही आणि साखळी रेंगाळे. १९६४ साली जपानच्या माएदा कंपनीने आपल्या 'सनटूर' गिअरात ही चौकटच तिरपी बसविली. जिन्याच्या उतारालगत कठडा जावा, तशी चाकी प्रत्येक चक्रापासून जवळजवळ सारखे अंतर राखू लागली. १९८४ मध्ये पेटंटाची मुदत सरताच शिमानोने हीच रचना 'ड्युरा-एस'मध्ये स्वीकारून तिला खटक्यागणिक नेमकी थांबणारी दांडी जोडली. संग्रहासाठी मला तरीही सनटूरचा मूळ गिअरच अधिक मोलाचा वाटतो.

असे जुने भाग घेताना चकाकीवर भाळू नये. चौकटीच्या खिळी बोटांनी हलवून ढिलाई तपासावी, चाकीचे दाते टोकदार झिजले आहेत काय, हे पाहावे. शिमानोच्या त्या काळच्या भागांवर बहुधा मागील बाजूस दोन रोमन अक्षरे सापडतात: पहिले १९७६ पासून अनुक्रमाने वर्षाचे, दुसरे महिन्याचे, म्हणजे 'ईडी' असेल तर घडण एप्रिल १९८० ची.